आखाड रात्री, मशीन सकाळी : कलम १८५ मध्ये कबुली द्यावी की केस लढवावी?

यवतेश्वर_पायथा

मंडळी, घरात धड माहिती कुणालाच नाही आणि सल्ले मात्र दहा जणांचे, म्हणून इथे विचारतोय.

शुक्रवारी रात्री शेतावर आखाड होता. माझा चुलतभाऊ, वय २९, एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला असतो. रात्री साडेनऊला बसला, एक वाजता झोपला. दीड क्वार्टर झाली असं तो स्वतःच सांगतो. सकाळी उठून गार पाण्याने अंघोळ, काकूच्या हातचा चहा, दोन खारी, आणि पावणेसातला बाईक काढली. वाढे फाट्याच्या अलीकडे नाकाबंदी होती. हा निवांत थांबला, कारण याच्या मते रात्रीचं रात्रीच संपलं होतं. मशीनमध्ये फुंकायला लावलं तर ५१.

मग मेडिकलला नेलं. डॉक्टरांनी सरळ रेषेत चालायला लावलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, कागद भरला. रक्त घेतलं नाही. लायसन जमा, गाडी दुपारी काकांनी सोडवून आणली, हा जातमुचलक्यावर सुटला. आता कोर्टाची तारीख येईल.

काका म्हणतात, कबूल कर, दंड भर, विषय संपव. मेव्हणा म्हणतो, रक्तच घेतलं नाही तर केस टिकणारच नाही, लढव. ओळखीचा एक एजंट म्हणतो, दहाचं पाचात बसवतो. त्यात कंपनी याला पुढच्या वर्षी ट्रेनिंगला जर्मनीला पाठवायचं म्हणतेय आणि पासपोर्ट अजून काढायचाय. काय करावं?

कंदीपेढा

सकाळी पावणेसातला ड्रंक अँड ड्राइव्ह! भावाला सातारा भूषण द्या.

बाकी पुढच्या वेळेस कच्चा कांदा खाऊन निघायला सांगा. आमच्याकडे एक जण एक रुपयाचं नाणं चघळायचा, म्हणे मशीन गंडतं.

लॅबवाला

@कंदीपेढा, नाणं चघळून फक्त नाणं चकचकीत होतं. कांदा, वेलची, माउथवॉश यांनी तोंडाचा वास बदलतो. मशीन मोजतं ते फुफ्फुसातून येणाऱ्या हवेतलं अल्कोहोल, आणि ते रक्तातून तिथे आलेलं असतं. उलट काही माउथवॉशमध्येच अल्कोहोल असतं, त्यामुळे लगेच फुंकलं तर आकडा वाढूनच येईल. पंधरा-वीस मिनिटांत तो परिणाम जातो.

धागाकर्ते, भावाचा हिशोब मी मांडून बघितला. क्वार्टरच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीत ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६१ ग्रॅम. दीड क्वार्टरचे झाले ९१. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० मिलीला १९० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. लिव्हर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. अंघोळ करा, चहा प्या, पळत यवतेश्वर चढा, लिव्हर आपल्या चालीनेच चालतं. साडेनऊ ते पावणेसात झाले सव्वानऊ तास, म्हणजे १४० उतरलं. उरलं पन्नास. तुमच्या मशीनने ५१ दाखवलं. वजन, जेवण, अंगकाठी यांनी फरक पडतो, पण भाऊ प्यायल्याचं खरं सांगतोय एवढं नक्की. मर्यादा ३०.

बियरवाल्यांनी हसू नये. आठ टक्क्यांची ६५० मिलीची एक स्ट्राँग म्हणजे ४१ ग्रॅम. त्याच माणसाला ८५ च्या वर नेते आणि ३० च्या खाली यायला जवळपास चार तास घेते.

यवतेश्वर_पायथा

@लॅबवाला, हे वाचून दाखवलं. भाऊ गप्प बसला. काकूने विचारलं, "म्हणजे चहा कडक करून उपयोग नाही का?"

काळा_कोट

कराडला प्रॅक्टिस करतो. धाग्यावरून कुणाची केस चालवता येत नाही, पण घरातल्या तिन्ही सल्ल्यांत खोट आहे, तेवढं सांगतो.

आधी एजंट. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ तडजोडीच्या यादीत नाही. हेल्मेट, सिग्नल यांचं ई-चलान जागेवर भरता येतं, लोकअदालतीत मिटवता येतं, कारण कलम २०० मध्ये त्यांची नावं आहेत. १८५ चं नाही. ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच जातं. आणि १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पूर्वी 'दोन हजारांपर्यंत' होतं. आता 'पर्यंत' गेलं, नुसतं 'दहा हजार' राहिलं. त्यामुळे पाचात बसवणारा ते पाच कुणाच्या खिशात बसवणार हे तुम्हीच ओळखा. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही.

आता काका. 'दंड भरून विषय संपव' हे जुन्या काळातलं आहे. कबुली म्हणजे दोषसिद्धी. आणि १८५ ची दोषसिद्धी झाली की कलम २० प्रमाणे कोर्टाला लायसनवर बंदी घालावीच लागते, कमीत कमी सहा महिने. तिथे 'घालू शकेल' असा शब्द नाही. शिवाय जप्त केलेलं लायसन पोलीस आरटीओकडे पाठवतात आणि आरटीओ कलम १९ खाली वेगळं निलंबन करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये किमान तीन महिन्यांचं निलंबन सांगितलेलं आहे. लोक दहा हजारांची चर्चा करतात आणि लायसन जातं तेव्हा कपाळाला हात लावतात. कोर्ट कधी कधी 'कोर्ट उठेपर्यंत' शिक्षा देतं. दिवसभर बाकावर बसायचं, पण कागदावर ती कैदच.

मेव्हण्याचं रात्री लिहितो, पक्षकार आलेत.

दहाचाकी

वकीलसाहेब बरोबर बोलत्यात. आमच्या धंद्यात लायसन म्हंजी सातबारा हाय. माझ्या जोडीदाराला दोन वर्सामागं धाब्यावर धरला. त्यानं पयल्याच तारखंला कबूल केलं, आपलं दंड भरू न् गाडीवर जाऊ म्हणून. सा महिनं घरी बसला. मालकानं दुसरा डायवर घातला, आन् ऊसाचा सीझन हातचा गेला. दहा हजाराचा दंड त्याला दीड लाखाला पडला लका.

आन् येक. गाडी धाब्यावर उभी करून क्याबिनात झोपलेल्यालाबी धरत्यात काय? चावी खिशात असती.

साधी_भाकरी

दारू पिऊन चालवल्यावर लायसन जाणार नाही तर काय हार घालणार? मला या धाग्याचा सूरच कळत नाही. पळवाटा शोधून देताय का?

यवतेश्वर_पायथा

@साधी_भाकरी ताई, पळवाट नकोय. एजंट, मेव्हणा, काका तिघं तीन दिशेला ओढतायत, खरं काय ते समजून घ्यायचंय. भावाची चूक आहेच.

काळा_कोट

आता मेव्हण्याचा मुद्दा. 'रक्त नाही तर केस नाही' हे अर्धवट ऐकलेलं आहे. १९७१ चा बच्चूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बचावात हमखास येतो. तिथे डॉक्टरांनी तोंडाला वास, चाल डळमळीत, बाहुल्या विस्फारलेल्या एवढंच लिहिलं होतं, रक्त-लघवीची तपासणी नव्हती. तेवढ्यावरून दारूचा निष्कर्ष काढता येणार नाही असं कोर्ट म्हणालं. पण तुमच्या भावाच्या केसमध्ये मशीनचा आकडा आहे. कलम १८५ मध्येच 'ब्रेथ अॅनालायझर किंवा प्रयोगशाळेसह इतर चाचणी' असं लिहिलंय. मशीनची स्लिप नीट सिद्ध झाली तर रक्त नसल्याने काही अडत नाही.

म्हणून भांडण स्लिपभोवतीच होतं. स्लिपवर वेळ, मशीनचा नंबर, फुंकणाऱ्याची सही आहे का? आधी रिकामी चाचणी घेऊन शून्य आलं होतं का? मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर दाखवतं का याची तपासणी, मुदतीत होतं का, त्याचं प्रमाणपत्र दोषारोपपत्रासोबत आहे का? चाचणी घेणारा गणवेशात होता का? स्लिप म्हणजे यंत्रातून निघालेला पुरावा, तर नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलंय का? आणि गाडी हाच चालवत होता हे कोण सांगणार? नाकाबंदीत हा शेवटचा प्रश्न सहसा येत नाही, अपघातात हमखास येतो.

अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. याचा अर्थ लोक 'केस पडली' असा लावतात. तसं नाही. सोडावं लागतं, खटला चालू राहतो. फुंकायला नकार देणं हा तर सगळ्यात वाईट सल्ला. संशय असेल तर तेवढ्यावर अटक होते आणि कलम २०५ प्रमाणे तो नकार तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो.

@दहाचाकी, कायद्यात शब्द आहेत 'चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना'. गाडी बंद, इंजिन गार, माणूस मागच्या बर्थवर झोपलेला, तर १८५ बसवणं अवघड आहे. तोच स्टेअरिंगवर डोकं ठेवून, इंजिन चालू, गाडी रस्त्यावर तिरकी, तर गोष्ट वेगळी. धाबावाल्याचं बिल आणि सीसीटीव्ही कामाला येतात. चावी मात्र दुसऱ्याकडे दिलेली बरी.

कंदीपेढा

आणि परमिट असेल तर? माझ्याकडे आजन्म परवाना आहे.

काळा_कोट

तो दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना, पिऊन चालवण्याचा नाही. दोन कायदे वेगळे. दारूबंदी कायद्यात ०.०५ टक्के हा आकडा आहे, मोटार वाहन कायद्यात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम म्हणजे ०.०३. लोक एकाचा आकडा दुसऱ्याला लावतात आणि ४० आलं म्हणून खूश होतात.

हो, आणि आपली चावी प्यायलेल्या मित्राला 'जा रे जरा आणून ये' म्हणून देणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा होऊ शकते.

उरमोडीकाठ

बरेच दिवस नुसती वाचते इथे. आज लिहावंसं वाटलं.

२०२२ मध्ये माझे सासरे डेअरीला दूध घालून सायकलवरून परत येत होते. कोरेगाव रस्त्याला मागून कारने उडवलं. जागेवर गेले. कारवाला उतरला तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं, हे तिथल्या चार माणसांनी पाहिलं. त्याला आधी खाजगी दवाखान्यात नेलं, छातीत दुखतंय म्हणून. रक्त घेतलं नऊ तासांनी. सीए, म्हणजे सरकारी रासायनिक विश्लेषकाचा, रिपोर्ट आला : अल्कोहोल आढळले नाही.

@लॅबवाला यांचा हिशोब वाचून आज कळलं. नऊ गुणिले पंधरा, एकशे पस्तीस. तेवढं उतरून गेलं.

कोर्टात त्याच्या वकिलाने वरचेच प्रश्न विचारले. मशीन होतं का, स्लिप आहे का, वास नक्की कसला होता. साक्षीदार म्हणाला, दारूचा. वकील म्हणाले, सॅनिटायझरचा नव्हता कशावरून. दारूचा आरोप गळाला. निष्काळजीपणाची केस अजून चालू आहे.

यात आणखी एक विचित्र गोष्ट आहे. दारू सिद्ध झाली नाही म्हणूनच विमा कंपनीने आमच्या दाव्यात फार ताणलं नाही. भरपाई मिळाली. सासूबाईंनी त्यातले पैसे अजून काढलेले नाहीत, पासबुक देवघरात आहे.

मी भांडायला आले नाही. काळा कोट सांगतायत ते कायद्याने बरोबर असेल. फक्त ते प्रश्न साक्षीदाराच्या बाजूने कसे ऐकू येतात ते सांगितलं.

साधी_भाकरी

ताई, काय लिहू कळत नाही.

काळा_कोट

@उरमोडीकाठ, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच टाइप केलं नाही. हेच प्रश्न मी विचारतो, पक्षकाराच्या वतीने, आणि विचारत राहणार. नऊ तासांच्या उशिराचा जाब मात्र तपास अधिकाऱ्याला सरकारी पक्षाने विचारायला हवा होता. उशिरा घेतलेल्या रक्तावरून मागे मोजत जाता येतं, पण त्याला तज्ज्ञाची साक्ष लागते, आणि रिपोर्ट पूर्ण शून्य असला तर मागे मोजायला हाताशी आकडाच राहत नाही.

विम्याबद्दल, कारण बाकीच्यांनाही लागेल. दारू सिद्ध झाली असती तर कंपनीने 'अट मोडली' म्हणून हात वर केले असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो बचाव कलम १५० मध्ये स्पष्टच लिहिलेला आहे. तरी मृताच्या घरच्यांना वाऱ्यावर सोडायला नको म्हणून दावा प्राधिकरणं पुष्कळदा 'आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं मात्र विसरा. इफको टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या २०२१ च्या निकालात ब्रेथ टेस्ट नाही, रक्त नाही, तरी इतर परिस्थितीवरून चालक नशेत होता हे मानून सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नकार उचलून धरला. फौजदारी केसमध्ये सुटलेला माणूस विम्यात अडकू शकतो, कारण दोन्हीकडे पुराव्याची फूटपट्टी वेगळी.

पिऊन माणूस मारला तर प्रकरण १८५ वर थांबत नाही. न्याय संहितेचं कलम १०६ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. परिस्थिती गंभीर असेल तर १०५, सदोष मनुष्यवध. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये झोपलेल्या सात मजुरांचा जीव गेला, त्या अॅलिस्टर परेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मधल्या कार अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याचे आरोप होऊन डॉक्टरांना अटक झाली, ते सगळ्यांनी पाहिलंच.

दहाचाकी

ताई, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार. आमी रस्त्यावरची माणसं. सायकलवाल्याला लाईट मारून मारून जातो, तरी भीती वाटती.

संपादक_मंडळ

कल्याणीनगर प्रकरणावर आलेले अकरा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे धागाकर्त्याच्या प्रश्नावर बोलावे.

यवतेश्वर_पायथा

काळा कोट साहेब, पासपोर्टचं राहिलं. शिक्षा झाली तर पासपोर्ट मिळणार नाही असं आत्या म्हणते. म्हणून तरी लढवावी का?

काळा_कोट

उलटं आहे. पासपोर्ट कायद्यात शिक्षा आड येते ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात, दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली असेल तर. दहा हजार दंडाने पासपोर्ट अडत नाही. अडतो तो कोर्टात केस प्रलंबित असल्याने, कलम ६(२)(एफ). तेव्हा कोर्टाची परवानगी घ्यावी लागते आणि पासपोर्टही सहसा मर्यादित मुदतीचा मिळतो. म्हणजे दोन-तीन वर्षं केस लढवत बसला तर जर्मनीच्या वाटेत ती केसच आडवी पडेल. कंपनीच्या किंवा व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'कधी दोषी ठरला होता का' विचारलं तर खरं लिहावं लागेल, ते वेगळं.

माझं मत विचाराल तर पहिल्या तारखेला काहीच कबूल करू नका. स्थानिक वकील द्या, दोषारोपपत्राची नक्कल घ्या, स्लिप आणि कॅलिब्रेशन बघा. कागद कच्चे असतील तर लढा. पक्के असतील तर कबुलीला अर्थ आहे, पण लायसनचे सहा महिने गृहीत धरून. पहिल्या गुन्ह्यात कोर्टाने दखल घ्यायची मुदत एक वर्षाची असते, त्याचीही तारीख तपासा. परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे ताकीद देऊन सोडण्याचा अर्ज करता येतो, पण या गुन्ह्यात कोर्ट तो सहज मान्य करेल असं समजू नका.

लॅबवाला

रक्ताबद्दल एक राहिलं. कधी रक्त घेतलंच तर सुईच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवू नये, आणि बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर नमुना आंबून आतच अल्कोहोल तयार होऊ शकतं. बचावाचे वकील हे विचारतात आणि विचारलंच पाहिजे. आम्हालाही त्यामुळे शिस्त राहते.

यवतेश्वर_पायथा

दोन महिन्यांनी अपडेट देतोय, राहून गेलं होतं.

सदरबझारातले एक वकील दिले. नक्कल मिळाली. स्लिपवर वेळ ६:५८, मशीनचा नंबर, भावाची सही, त्याच्या वर रिकाम्या चाचणीचं शून्य. कॅलिब्रेशन चार महिन्यांपूर्वीचं, मुदतीत. ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं. वकिलांनी कागद टेबलावर ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाले, "लढवतो म्हणालात तर फी घेईन, पण यात काही नाही."

भावाने कबुली दिली. न्यायाधीशांनी कागद बघून मान वर केली, "सकाळी सातला?" हा म्हणाला, "रात्रीची होती, साहेब." त्या म्हणाल्या, "मशीनला रात्र-सकाळ कळत नाही." दंड दहा हजार आणि लायसन सहा महिने बंद. कोर्ट उठेपर्यंत बसवलं नाही. एजंटचा परवा पुन्हा फोन आला, आरटीओकडून लायसन लवकर काढून देतो म्हणून. काकांनीच उचलला होता, त्यामुळे काय उत्तर मिळालं ते इथे लिहिता येणार नाही.

@उरमोडीकाठ ताई, तुमचा प्रतिसाद भावाला मी वाचून दाखवला नव्हता. त्याने स्वतः शोधून वाचला.

कंदीपेढा

मग आता फर्स्ट शिफ्टला जातो कसा?

यवतेश्वर_पायथा

पोवई नाक्यावरून कंपनीची बस आहे, सहा दहाची. नाक्यापर्यंत मी सोडतो. बाईक काकांनी विकली आणि स्कूटी घेतली. काकूने लर्निंग लायसन काढलंय, संध्याकाळी गोडोली तळ्याच्या बाजूला शिकतेय. मागे भाऊ बसतो आणि ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडत असतो.